दिसतीलच असं नाही

शिट्टीच्या पोटातला वाटाणा हलवला की खुळखुळायचा... शैलजाबाईंनी शिट्टी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. समोर कोरा कागद. सिल्वासाच्या शाळेत भूगोल शिकवायला लागून तीन वर्षं झाली, पण अर्ज लिहिताना हात असा कधी अडला नव्हता. मधल्या सुट्टीपर्यंत मुख्याध्यापक प्रभाकररावांना लेखी हवं होतं — दमणच्या समुद्रात मुलांना डॉल्फिन नक्की दिसतील, असं. नाहीतर यंदाची सहल रद्द. रांध्याच्या, राखोलीच्या पोरांनी मग समुद्र नकाशातच पाहायचा!

नक्की. काय जातंय लिहायला... गेल्या वर्षी आपणही या नक्कीच्याच मागे लागलो होतो की! पाण्यावर पाठ दिसली की शिट्टी फुंकायची, सगळी पोरं एका अंगाला, होडी कलायची आणि डॉल्फिन गडप. वर नानूभाई तांडेलांना फर्मावलं, "पाठलाग करा." होडी त्यांची, समुद्र त्यांच्या ओळखीचा, पण शिकलेल्या बाई आपण!

नानूभाईंनी वल्हीच वर घेतली. "बेन, सीटी ठेवा. ते काय तुमच्या शालेत नाय. पिल्लू हाय बरोबर. गप बसू, वाटलं तर येतील."

राग आला होता, खोटं कशाला बोला. पण अर्धा तास कुणी हललं नाही, आणि मग होडीला लागूनच — फुस्स — श्वास, आणि आईला चिकटलेलं ते करडं पिल्लू... वर्गातली बडबडी उषासुद्धा तोंडावर हात ठेवून बसली होती. परतताना नानूभाई म्हणाले होते, "जाली फाडतात म्हणून मारायचे आमचे लोक. तुमची पोरं बघायला येतात, तर या साली आमच्यातल्या दोघांनी जाल्यात अडकलेला सोडला." आणि आपण फुगून बसलो होतो, साधे आभारसुद्धा मानले नाहीत त्या भल्या माणसाचे.

बाईंनी लिहिलं — 'दिसतीलच असं नाही. होडी लांब थांबवू. आले तर पाहू.'

प्रभाकररावांनी कागद दोनदा वाचला. "बाई, असं लिहिल्यावर पालक पाठवतील?"

"विचारून बघते, सर."

सही न करताच त्यांनी तो बाजूला ठेवला.

वर्गात पाऊल टाकताच पोरांनी गलका केला, "बाई, जायचं ना?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. हे शब्द त्या वर्गासमोर कधी बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या, आणि लाज वाटली नाही — उलट दमणच्या त्या माणसाच्या आठवणीने ऊर भरून आला.