सगळ्या गाड्यांचा एकच नंबर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मिनीबसचा लाल दिवा विझला. इंजिन फार तापल्याची सूचना देणारा हा दिवा तीन दिवस सारखा पेटत होता. गॅरेजच्या आवारात जमलेल्या साठ-सत्तर जणांनी टाळ्या वाजवल्या. दहा पंचवीसला एकोणीस प्रवासी घेऊन बस घाटाकडे निघाली.

दिवा विझवणाऱ्याला सगळे 'हातगुण' म्हणत. तो बॉनेटवर तळवे ठेवी, डोळे मिटी आणि इंजिनाशी बोले. तेवढा वेळ त्याचा मेहुणा चालकाच्या जागी बसे, 'किल्ली चालू ठेवायला'.

"यंत्रालाही मन असतं," पुढच्या व्हॅनसमोर हातगुण सांगत होता. "ऑइल तुम्ही देता. माया कोण देणार?"

"माझ्या मोटारीलाही द्या की थोडी!" मागून एक जण ओरडला.

"तुमच्या गाडीची बनावट वेगळी. तिचा योग अजून आलेला नाही."

पावणेअकराला तंत्रशाळेतल्या बाई लॅपटॉप घेऊन आल्या. इंजिनाच्या संगणकात काय लिहिलंय ते उलगडून शिकवणं हे त्यांचं काम. बसचा चालक त्यांचा सख्खा भाऊ.

"आमचा धाकटा कुठाय?"

"ताई, त्याची बस बरी होऊन गेलीसुद्धा!" गॅरेजमालक हसला.

बाईंनी फोन लावला. लागला नाही. घाटात रेंज नसते. त्या व्हॅनकडे वळल्या. ती औषधविक्रेत्याची होती, बसला होतं तसल्याच इंजिनाची.

"आमच्या शाळेत हात लावण्याआधी संगणकातल्या मजकुराची प्रत काढून ठेवतात. काढू?"

"काढा," हातगुण म्हणाला. "माया लॅपटॉपात मावत नाही."

प्रत निघाली. मग मंत्र सुरू झाला. तो चार मिनिटं दहा सेकंद चालला आणि दिवा विझला. टाळ्या थांबायच्या आत बाईंनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर होती, वायरीच्या टोकाला मेहुण्याच्या मुठीतली डबी.

"डबीतली फाइल आत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच यांचा मंत्र," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरी प्रत काढून पहिलीशेजारी ठेवली. "हे बघा. पेडल जरा दाबलं तरी इंजिनाला जास्त इंधन मिळतं, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते. दिवा एकशे दहा अंशांना पेटायचा, आता दोनशेला पेटेल. तोवर इंजिन उरणार नाही. आणि तापमानाचा काटा कायम मधोमध. आत आग लागली तरी."

मग त्या थबकल्या. "या फाइलीतला चासी नंबर तुमच्या व्हॅनचा नाही."

फाइल दुसऱ्या गाडीतून उचललेली होती आणि जशीच्या तशी सगळीकडे भरली जात होती. नंबर पुसायचं राहून गेलं होतं. गर्दीतल्या भंगारवाल्याने आपली वही उघडली, आकडे दोनदा पडताळले.

"ही मागच्या महिन्यात उतारावर जळालेली व्हॅन. सांगाडा मीच घेतला." त्याचा आवाज खाली आला. "यांचीच पहिली गिऱ्हाईक होती ती."

बाईंनी मूळ प्रत परत घातली. दिवा पेटला.

"बाईंनी चांगली गाडी बिघडवली!" कुणीतरी ओरडलं.

औषधविक्रेत्याने इंजिनाच्या पाण्याची टाकी पाहिली. आत थेंबभर पाणी नव्हतं. हातगुण आणि मेहुणा मागच्या फाटकातून केव्हाच निघून गेले होते.

खूण पुसली म्हणून दोष जात नाही. 'बरं झालं' असं कुणी सांगितलं, तर काय बदललं ते विचारा, आधीची नोंद मागा, टाकीचं झाकण उघडून स्वतः बघा. या आवारातल्या एकाने जरी दहा वाजता एवढं केलं असतं, तर बस गॅरेजातच राहिली असती.

बाईंनी कळवल्यावर पोलिसांची गाडी साडेअकराला घाटाकडे निघाली. बस बारा वाजता माथ्यावरच्या थांब्यावर पोचायला हवी होती. बारा चाळीसला तिथल्या तिकीटवाल्याने फोनवर सांगितलं, ती अजून आलेली नाही. बाईंनी त्यानंतर भावाला सात वेळा फोन लावला.

बसमधला काटा भावाला काय दाखवत असेल, तेवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. मधोमध.