रडकी मेणबत्ती

झाकण निघालं, आणि फर्निचरच्या बंद दुकानात दाटीवाटीनं बसलेल्या माणसांच्या तोंडून एकदमच "अगं बाई!" निघालं. पत्र्याच्या गोल डब्यात पांढरी मेणबत्ती होती आणि तिच्या अंगावर थेंब डवरले होते. कुणी पाणी शिंपडलेलं नव्हतं, वात पेटवलेली नव्हती. वरच्या मोठ्या दिव्याच्या झोतात थेंब फुगत होते, ओघळत होते, आणि मोगऱ्याचा वास शेवटच्या खुर्चीपर्यंत येत होता.

"आली!" दरवळ महाराज डोळे मिटून म्हणाले. "लेकीला बघून आईला रडू आवरेना. पूस बाळ, आईचे डोळे पूस."

पहिल्या रांगेतली सोळा वर्षांची मुलगी उठली. तिनं बोटानं थेंब टिपले, कपाळाला लावले आणि ती खोकली. खोकला थांबला तरी तिच्या छातीत बारीक शिटी वाजत राहिली. एवढ्या गर्दीत ती शिटी एकालाच ऐकू आली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या बापाला.

हा बाप सायकली दुरुस्त करायचा. गल्लीत त्याला सायकलवालाच म्हणत. बायको जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. ती घरी सोयाच्या मेणाच्या सुवासिक मेणबत्त्या करून विकायची आणि हा दुकान बंद करून आला की तिचं मेण ढवळायचा. त्यामुळे ते थेंब पाहून सगळ्यांनी हात जोडले, तेव्हा याच्या मनात आलं, 'ही तर वाया गेलेली मेणबत्ती!'

घरी आल्यावर त्यानं आधी विचारलं, "ढमे, पंप घेतलास?"

लहानपणी गुबगुबीत होती म्हणून आईनं तिला ढमी म्हणायला सुरुवात केली होती. आता गालफडं बसली होती, नाव तेवढं राहिलं होतं.

"नाही घेतला."

"का?"

"महाराज म्हणाले, औषधाचा वास आला की आई दारातून मागं फिरते."

दम्याचा पंप टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. खिडक्याही बंद होत्या, कारण वास बाहेर गेला की आईही जाते म्हणे. सायकलवाल्यानं खिडकी उघडली. ढमीनं ती लावली. त्यानं पुन्हा उघडली. तेवढ्यात ढमीची मावशी चहा घेऊन आली. तिनंच पोरीला महाराजांकडे नेलं होतं.

"भावजी, पोरीला दोन घटका आई भेटते, तर तुमच्या का पोटात दुखतंय?"

"ताई, ती आई नाही. ते तेल आहे."

"मग मोगराच कसा आला? दुसरा वास का नाही आला?"

"कारण ढमीनंच सांगितलं! त्यांची ती सेविका घरी आली होती ना? गोड बोलून विचारलंच की, आईचा आवडता वास कोणता. ही म्हणाली मोगरा. आता मोगरा नाही येणार तर काय रॉकेल येणार?"

"मी खरं तेच सांगितलं," ढमी म्हणाली. "आई सगळ्यात जास्त मोगराच करायची."

"अगं, गिऱ्हाईक मागायचं म्हणून करायची!"

सायकलवाल्यानं कपाळावर हात मारला. मग जमेल तितक्या शांतपणे सांगायला बसला. "हे बघ. मेण चांगलं तापलं की त्यात वासाचं तेल घालायचं. शंभर ग्रॅम मेणाला आठ ग्रॅम तेल. मग सावकाश ढवळत राहायचं, म्हणजे ते मुरतं. मेण धरून धरून किती तेल धरणार? जास्त ओतलं, किंवा मेण निवल्यावर ओतलं आणि ढवळलं नाही, की ते आत मुरत नाही. जरा ऊब लागली की अंगावर थेंब येतात. तुझी आई असल्या मेणबत्तीला रडकी म्हणायची. विकायची नाही. परत वितळवायला टाकायची."

"मी कधी बघितली नाही रडकी."

हे खरंच होतं. मेण तापत असताना स्वयंपाकघराचं दार बंद असायचं आणि ढमीला आत यायची मुभा नव्हती.

"थांब, करूनच दाखवतो," तो म्हणाला.

मेणाची पिशवी माळ्यावर तशीच होती. बायकोचं भांडं, तिचा थर्मामीटर, तिचा लांब दांड्याचा चमचा, सगळं त्यानं खाली काढलं. चमच्याच्या दांड्याला तिनं गुंडाळलेली चिंधी होती. ती सैल झाली होती, ती त्यानं पुन्हा घट्ट बांधली. मग मेण चढवलं. ते तापलं, तेल मोजून घातलं, ढवळलं, डब्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली आणि तिघं बघत बसली. चहा निवला. मेणबत्ती कोरडी ठणठणीत.

"बघा," ढमी म्हणाली. "तुमची नाही रडली."

"कशी रडेल?" मावशी म्हणाली. "तिथं भाव लागतो, भावजी."

सायकलवाल्यानं रागानं स्टुलाला लाथ मारली. स्टुलाचं काही गेलं नाही, अंगठा मात्र ठणकला. अंगठा चोळता चोळता त्याच्या ध्यानात आलं, की त्यानं मेणबत्ती बरोबर केली होती! बायकोनं इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून हाताला लावलेलं वळण. हात चुकायला तयारच नव्हता. महाराजांचा चमत्कार करायचा तर काम बिघडवायला हवं होतं.

मग त्यानं जिवावर येऊन काम बिघडवलं. मेण निवून दुधाळ व्हायला लागल्यावर तेल ओतलं, तेही दुपटीनं, आणि चमचा हातात असून ढवळलं नाही. ओतताना 'अहो, हे काय चालवलंय!' असं कुणी मागून म्हणेल असं त्याला वाटलं. कुणी म्हणालं नाही.

ही मेणबत्ती दिव्याखाली ठेवली आणि घळाघळा रडली.

"आता?" त्यानं विचारलं.

ढमीनं एक थेंब बोटानं टिपून पाहिला. पण मावशी कसली ऐकतेय! "पितळेवर सोन्याचं पाणी चढवता येतं, म्हणून का सोनं खोटं? ही नुसती मेणबत्ती, ती आमची बहीण."

गंजलेला नट तेल सोडलं की कधीतरी हलतो. माणसाचं तसं नाही. सायकलवाला उठला आणि शेजारच्या शिंप्याकडे गेला. त्याच्या ओळखीत तेवढाच एक माणूस असा होता, जो कुणालाही भीत नव्हता आणि कुणालाच आवडत नव्हता.

"तुमच्या नावानं दोन मेणबत्त्या करतो," सायकलवाला म्हणाला. "वास कुठला घालू?"

"लिंबाचा घाल. पण मी मेलोय का रे?"

"नाही. तेवढंच तुम्हाला तिथं येऊन सांगायचंय."

पुढच्या बैठकीला लोक आपापले डबे घेऊन आले. महाराजांनी दिलेला डबा दर बैठकीला पुन्हा आणायचा आणि महाराजांच्या दिव्याखाली ठेवायचा, अशी तिथली पद्धत होती. ढमीच्या डब्याशेजारी सायकलवाल्यानं आपला एक डबा ठेवला. डबे बाजारात मिळतात तसलेच, सगळे सारखे.

"हा कुणाचा?" महाराजांनी विचारलं.

"आमच्या शेजारच्या शिंप्याचा."

यात खोटं काहीच नव्हतं. महाराजांनी झाकण काढलं. लिंबाचा वास सुटला, थेंब ओघळले. महाराजांनी छातीवर हात ठेवला.

"हाय हाय! काय ही तळमळ! वासना शिवणात अडकलीय. कात्री सुटली, सुई सुटली, पण कुणाचं तरी काम अर्धं राहिलं. बोल रे जिवा, कुणाचं काम?"

"तुमच्या सेविकेचा कोट!" मागून आवाज आला. शिंपी उभा राहिला होता. "बाह्या जोडायच्या राहिल्यात. बाईला म्हणावं, मापाला ये आधी. मी काही रडतबिडत नाहीये."

दुकानात हशा पिकला. सायकलवाल्याला वाटलं, झालं. पण महाराज पक्के मुरलेले होते. "हसा, हसा!" ते म्हणाले. "जिवंत माणसाचा आत्मा रडत नाही का? वरून हसतो आणि आतून रडतो!" आणि काय सांगावं, निम्म्या माना हलल्या. एक आजी तर शिंप्याकडे कळवळून बघायला लागल्या.

सायकलवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं पिशवीतून दुसरा डबा काढला आणि पहिल्याशेजारी, त्याच दिव्याखाली ठेवला. "हाही शिंप्याचाच. मेण तेच, तेल तेच, वास तोच. हा तापल्या मेणात, मोजून तेल घालून, ढवळून केलेला. तो निवल्या मेणात, दुप्पट तेल ओतून केलेला. बघा."

लोक पुढं सरकले. एक डबा भिजत गेला, दुसरा कोरडाच राहिला.

"काय हो महाराज," शिंपी म्हणाला, "माझा निम्माच आत्मा रडतोय काय?"

तेवढ्यात ढमीला खोकला आला. या खेपेला तो थांबेना. ती वाकली, मावशीनं पाठ चोळली, सेविका मोगऱ्याचा डबा घेऊन धावली. "जवळ घे बाळ, आईला जवळ घे!" डबा नाकाशी आला तशी ढमीनं तो हातानं दूर लोटला.

बापानं खिशातून पंप काढला. आता त्यानं काहीच समजावलं नाही. नुसता पुढे धरला. ढमीनं घेतला.

श्वास जागेवर आल्यावर ती महाराजांकडे बघत म्हणाली, "आई माझ्याजवळ वास घेऊन कधी आलीच नाही. काम झालं की साध्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, कपडे बदलायची, मग मला जवळ घ्यायची. मला त्रास होतो म्हणून." तिनं मावशीकडे पाहिलं. "मावशी, आईला कसलाच वास नव्हता गं. माझ्यासाठी नव्हता."

मावशीनं पदर तोंडाला लावला. सायकलवाला मान खाली घालून उभा राहिला. वर्षानुवर्षं त्यानंच बायकोच्या हातांवर पाणी ओतलं होतं, आणि मेणाचे नि तेलाचे हिशेब सांगण्याच्या नादात ही एवढी गोष्ट त्याला सुचली नव्हती.

दुकानातली सगळीच माणसं काही शहाणी झाली नाहीत. काहींनी डबे टेबलावरच सोडले. काहींनी झाकणं घट्ट लावून छातीशी धरून घरी नेले. 'त्या शिंप्याचं सोडा, आमचं खरं आहे,' असं म्हणणारेही निघाले. महाराजांनी पुढच्या आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं आणि दुसऱ्या वस्तीत बस्तान मांडलं. तिथंही आई गेलेल्या मुली असतीलच.

म्हणून सांगायचं ते एवढंच. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा: मेण किती होतं, तेल किती घातलं, आणि वास कोणता ते यांना सांगितलं कुणी? विचारण्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. न विचारल्यानं मागं राहिलेल्याचा जीव जाऊ शकतो.

ढमीनं मोगऱ्याचा डबा घरी आणला आणि वितळवायच्या भांड्यात उपडा केला. मग तिनं खिडकी उघडली. या वेळी ती बापाला उघडावी लागली नाही. आईची आठवण येऊन ती रडली, तोही रडला. रडायचं तर माणसानं रडावं. मेणबत्तीचं काम उजेड द्यायचं.