बँड आणि लाळेरं

लाल झबलं पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत कुणी टाकलं?

मी बँड बोलतोय. लग्नात वाजतो तो नव्हे. वकील गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या लावतात आणि मागे नाडीची गाठ मारतात ना, तो. माझ्याशिवाय वकिलाला कोर्टात उभं राहता येत नाही. आम्ही दोघे भाऊ एकाच पाकिटातून आलो. आमच्या वकीलबाई एक दिवस थोरल्याला बांधायच्या, एक दिवस मला. त्या झबल्यामुळे थोरला गुलाबी झाला. "हे कुणी टाकलं?" बाईंनी विचारलं. नवरा मोबाइलमध्ये बघत राहिला, सासूबाई कुकरकडे गेल्या. थोरल्यानं आधी ओटा पुसला, मग सायकलची साखळी. मग तो दिसलाच नाही. माझं डोकं अजून भडकतं. मी काही शिकलेला नाही, कायदा ऐकला तो गळ्याशी बसून. पण गुन्हा घडला होता एवढं मला कळतं.

त्यानंतर मला सुट्टी उरली नाही. संध्याकाळी धुणं, सकाळी इस्त्री, पुन्हा गळा. बाईंचंही तेच. बाळ झालं, पण त्यांच्या जागी उभं राहणारं कुणी आलं नाही. बाळाला पाजताना त्या साक्षीदारांचे जबाब वाचायच्या आणि कोर्टात बाळ रडल्याचा भास झाला की वाक्य अर्धंच सुटायचं. एकदा तर न्यायाधीशांनाच म्हणाल्या, "हो हो, आले हं." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या केसचा त्या दिवशी शेवटचा युक्तिवाद होता. घरमालक त्यांचं दुकान खाली करून मागत होता. बाळ पोटात असल्यापासून बाई ती केस लढवत होत्या.

सकाळी सासूबाईंनी मला वाळलेल्या कपड्यांतून उचललं. "हे लाळेरं मधोमध कसं चिरलं?" असं पुटपुटत बाळाच्या गळ्यात बांधलं. चष्मा कुठे होता विचारू नका. तिकडे बाईंनी एका हातात चहा धरून दुसऱ्या हातानं दोरीवरचं पांढरं काहीतरी ओढलं, पिशवीत कोंबलं आणि पळाल्या.

दुपारच्या सुट्टीत नवरा रोजच्यासारखा बाळाला पाजायला कोर्टात घेऊन निघाला. बाळाचे दात येत होते. वाटेत त्यानं माझी नाडी चघळून चघळून सुताएवढी केली.

वकिलांच्या खोलीत बाई हातात पिवळ्या बदकाचं लाळेरं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याच ऑफिसातला एक वकील म्हणाला, "आज बदकाची बाजू मांडणार वाटतं?" मग आवाज मऊ करून, "अगं, किती दमलीयस. केस माझ्याकडे दे आणि घरी जा बाळाजवळ."

"त्यापेक्षा तुझा बँड दे ना."

"तुझ्या जागी मी उभा राहणार, तर तो मला नको का?"

बाई खुर्चीत बसल्या. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, "ताई, मी पुन्हा पहिल्यापासून कुणाला सांगत बसू?" बाई आता त्या वकिलाला "घे" म्हणणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेवढ्यात त्यांची नजर बाळाकडे गेली.

"याच्या गळ्यात काय आहे?"

"लाळेरं. आईनं बांधलंय," नवरा म्हणाला.

"लाळेरं नाही रे. माझी वकिली आहे ती."

बाळाला बदक मिळालं. मला बेसिनमध्ये धुऊन, पिळून, बाईंनी ओलाच गळ्याशी बांधलं. बाळाचं पोट भरलं आणि बाई कोर्टात उभ्या राहिल्या.

युक्तिवाद निम्म्यावर आला तेव्हा बाहेर बाळ रडलं. या वेळी तो भास नव्हता. बाई थांबल्या. हात माझ्याकडे आला. बाहेर नवरा बेसूर अंगाई म्हणू लागला. त्यांनी खोल श्वास घेतला आणि पुढचा मुद्दा काढला. त्या प्रत्येक श्वासाला माझी नाडी ताणली जात होती. गाठीपाशी एकच धागा उरला. तुटलो असतो तर त्यांना तिथेच थांबावं लागलं असतं. मी दात आवळून धरून राहिलो.

"मावशींचं दुकान मावशींकडेच राहावं, एवढीच विनंती," असं म्हणून बाई खाली बसल्या. त्यांची पाठ खुर्चीला टेकली.

मग मी नाडी सोडली.