ढब्बी आणि सूनबाई

डुकरांच्या पोटातलं त्यांच्या घाणीवरून ओळखण्यात सासूबाईंचा हातखंडा होता. खराटा घेऊन शेडमध्ये शिरल्या, की कुणाला जंत झालेत नि कुणी काल खुराक न खाता टाकला, हे त्या उभ्या उभ्या सांगत. मुलगा म्हणायचा, आमच्या आईला माणसांपेक्षा डुकरं जास्त कळतात. तो थट्टा करायचा आणि सासूबाई ती शाबासकी समजून फुलायच्या.

सगळ्यांत लाडकी ढब्बी. मागल्या खेपेला तिची पिल्लं पांढरीफटक जन्मली. आचळापर्यंत सरकायचं त्राण नव्हतं बिचाऱ्यांत, निम्मी गेली. या खेपेला गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: पिल्लांना जन्मल्यावर लोहाची सुई देऊच, पण गाभण आहे तोवर हिच्याही रक्ताकडे बघा, खुराकातून लोहाची पूड द्या. सासूबाई ती पूड उकडलेल्या बटाट्यात कालवून स्वतःच्या हाताने भरवत, रोज ढब्बीची पापणी उलटून आतली लाली बघत.

आणि नेमकी पूड संपली. दुकानदाराकडेही माल नव्हता. मग काय, सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. जेवताना, भांडी घासताना एकच पालुपद: इतके जीव पोसायचे, बाईने रक्त आणायचं कुठून?

सून निमूट ऐकायची. तिलाही सहावा महिना होता, पण ती आपणहून कधी तक्रार करायची नाही, म्हणून तिला हवं-नको कुणी विचारतही नसे. न बोलणाऱ्याचं सगळं बरं चाललंय असं धरून चालणं किती सोयीचं असतं!

एका सकाळी सासूबाईंच्या ध्यानात आलं, पूड संपून इतके दिवस झाले तरी ढब्बीच्या कोपऱ्यातली घाण काळीकुट्टच आहे. लोह पोटात गेलं की घाण काळी पडते, हे सासूबाईंना पाठ होतं. पण डब्यात तर पूड चिमूटभरही नव्हती. मुलाला विचारलं, त्याने कानांवर हात ठेवले. तेव्हा त्या दुपारी खुराकाच्या पोत्यांआड दबा धरून बसल्या.

सून आली. हातात बटाटा. गोळ्यांच्या पाकिटातून चार लाल गोळ्या काढून तिने त्यात दाबल्या आणि तो ढब्बीसमोर धरला. दवाखान्यातून तिला स्वतःला मिळालेल्या लोहाच्या गोळ्या होत्या त्या.

पोत्याला धरून सासूबाई उठल्या.

"तू कधीपासून घेतल्या नाहीस?"

"पूड संपल्यापासून." सून खाली बघत म्हणाली. "तिच्या पोटात दहा-बारा आहेत, आई. माझ्या एकच."

सासूबाईंना रागवता येईना. हा हिशेब दर जेवणाला त्यांनीच तर तिच्या ताटात वाढला होता. त्यांनी तिला दारातल्या उजेडात नेलं आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. आत लालीचा मागमूस नव्हता. ही पोर हल्ली जिन्यात मध्येच थांबते, आणि आपण तिला सुस्त म्हणालो, हे आठवून त्यांना भडभडून आलं.

तशाच त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. फार कमी आहे, पण वेळेत आलात, बाळ ठीक आहे, असं म्हणून त्यांनी दोघींचीही कानउघाडणी केली. सासूबाईंनी खालमानेने ती ऐकून घेतली.

परतताना त्या रस्त्यातच थांबल्या.

"ढब्बीचं पिल्लू गेलं तर मी रडून मोकळी होईन. तुला काही झालं तर मला रडायलाही तोंड उरणार नाही, पोरी."

सून हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला ढब्बीच जास्त..."

सासूबाईंनी भर रस्त्यात तिला कुशीत ओढलं आणि लहान मुलासारख्या रडल्या. घरी येऊन तिला निजवलं, लिंबूपाण्याबरोबर गोळी दिली आणि तिचा हात हातात घेऊन उशाशी बसून राहिल्या. शेडमधून ढब्बी ओरडत होती. बऱ्याच वेळाने मुलाने येऊन ती का ओरडतेय म्हणून विचारलं, तेव्हा सासूबाईंच्या लक्षात आलं, की आज तिचा खुराकच द्यायचा राहिला.