घरी नेणारी बॅटरी

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडले की डाव्या कोपऱ्यात जी धुळकट काळी पेटी दिसते, ती मी. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल पोटात घेऊन मी कारखान्यातून या घरी आले. गेली चार वर्षे या जुन्या गाडीचा सेल्फ मीच फिरवीत आहे. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "बॅटरी असावी तर अशी." ते वाक्य मी आजतागायत जपले आहे, कारण त्यानंतर दुसरे मिळाले नाही.

पुढे घरात तंबू आला. सुट्टीत नदीकाठी गाडीशेजारी तंबू ठोकून मुक्काम करायचे ठरले आणि वायरिंगवाल्या काकांनी मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवली. माझी सवतच ती! तिला लाकडी पेटी, नवी लाल वायर, स्वतःचा फ्यूज. दिवे, पंखा, छोटा फ्रिज, सारे वैभव तिच्याकडे. बाबांची मुलगी, आमची ताई, तर रोज तिची धूळ रुमालाने पुसू लागली. मित्रांनो, बॅटरीचा जळफळाट बाहेरून दिसत नाही. टर्मिनलवर पांढरी बुरशी तेवढी चढते.

काका बाबांना बजावीत होते, "इंजिन चालू असेल तेव्हाच हा रिले दोघींना जोडतो, बंद केलं की तोडतो. मुक्कामाचं काहीही पुढच्या बॅटरीला लावायचं नाही. काहीही म्हणजे काहीही."

मला तो घोर अपमान वाटला. कष्टाला मी आणि कौतुकाला ती!

पहिल्या मुक्कामाला, सकाळी नदीकाठी पोहोचताच सोबत आलेले ताईचे मामा फ्रिजची वायर हातात घेऊन उभे राहिले.

"मागची दोन्ही सॉकेटं पंख्यानं आणि तुझ्या मोबाइलनं अडवलीत. हा फ्रिज काय माझ्या कानात लावू?"

"पुढे लाव ना मामा, ते रिकामंच असतं," ताई म्हणाली.

पुढचे सॉकेट माझे! किल्ली काढली तरी ते चालूच राहते. मी हर्षाने वीज देत राहिले. बाबा आणि आई दूर गळ टाकून बसले होते. दुपारी मामा म्हणाले, "पाणी काय गार झालंय." मला धन्य धन्य वाटले. अंगातली शक्ती ओसरत होती. पण सवतीपुढे हार कोण मानणार?

दुसऱ्या दिवशी बाबांनी किल्ली फिरवली. सेल्फ नुसता "टक्" म्हणाला. दुपारच्या गाडीने आजी एकटी येणार होती. तिला स्टेशनवर घ्यायला जायचे होते.

"संपली ही," बाबा म्हणाले. "घरी गेलो की भंगारात देऊ."

आईने पुढच्या सॉकेटमधली वायर दाखवली, तेव्हा मामा बुटांची नाडी बांधू लागले. बुटांना नाडी नव्हती.

मग बाबांनी सवतीला उचलून माझ्याशेजारी स्टुलावर ठेवले आणि दोन जाड वायरींनी आम्हाला जोडले. मी तिला प्रथमच समोरून पाहत होते. तिने हातचे काही राखले नाही. गाडी सुरू झाली. आजी फलाटावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली भेटली.

घरी परतल्यावर वायरिंगवाल्या काकांनी मला तपासले. "बॅटरी चांगली आहे. तुम्ही हिला उपाशी मारलीत. उगाच का हिला वेगळी ठेवली होती?"

त्यांनी कोमट पाण्याने माझी बुरशी धुतली. ताईने पुढच्या सॉकेटवर चिठ्ठी चिकटवली: "इथे काही लावू नये. ही घरी नेणारी बॅटरी आहे."

मित्रांनो, सवतीचे दिवे पाहून आजही माझ्या पोटात थोडे दुखते. पण ती चिठ्ठी तिच्याकडे नाही. तुमच्याही घरी मुकाट्याने राबणारे कोणी कोपऱ्यात असेल, तर त्याच्यावर चढलेली बुरशी वेळीच धुवा.