रोबलेच्या घरचं दूध

मी एक हान बोलतेय. हान म्हणजे दूध ठेवायचं विणलेलं भांडं. मी मातीची नाही, तांब्याची नाही, मुळांची आहे. दहाबोच्या आईनं रानातल्या झुडपांची मुळं खणून आणली, दगडावर ठेचली, दातांनी सोलली आणि लेकीच्या लग्नाआधीचा सगळा उन्हाळा ती मला विणत बसली. शेवटी आतून जळत्या काटक्या फिरवून मला धुरी दिली. तेव्हापासून माझ्यातल्या दुधाला धुराचा वास येतो. तो ज्याला आवडत नाही तो आमच्या किनाऱ्यावरचा नव्हे, असं खुशाल समजावं.

लग्नात मी दहाबोबरोबर रोबलेच्या घरी आले. आमच्याकडे घर म्हणजे वाकवलेल्या काठ्या आणि चटया. बायकांनीच ते उभं करायचं, बायकांनीच मोडायचं आणि उंटावर लादून पुढे निघायचं. उन्हाळ्यातला मुक्काम मात्र ठरलेला असायचा, समुद्रापासून थोडं आत, गुदूदच्या विहिरीपाशी. त्या सगळ्या पट्टीत ऐन उन्हाळ्यात न आटणारी तेवढी एकच विहीर. तिची राखण रोबलेच्या कुळाकडे होती.

रोबले उंच, बोलका आणि थोडा बढाईखोर होता. दहाबो त्याला टोमणा मारायची, "तुमची ढाल कमी नि जीभ जास्त चालते हो."

"जिभेवर भागतंय तोवर ढाल कशाला झिजवू गं?" तो म्हणायचा, आणि दोघंही हसायची.

आमच्या मुलखात परका माणूस एकटा फिरत नाही. तो आधी कुणाच्या तरी दारात येऊन बसतो. घरधनी त्याला हानेतलं दूध देतो. ते दूध पोटात गेलं की तो त्या घराचा झाला. मग तो इथे आहे तोवर त्याच्यावर कुणी हात उगारला तर घरधन्यानं मध्ये पडायचं, जीव गेला तरी बेहत्तर. जो पाठ फिरवतो त्याच्या लेकींना स्थळं येत नाहीत आणि त्याच्या शेजारी बसून कुणी जेवत नाही. म्हणून दूध देताना रोबलेची थट्टामस्करी बंद व्हायची. तो मला दोन्ही हातांनी उचलायचा.

पहिला आला तो समुद्रापलीकडच्या एडन बंदरातला इंग्रज, पेनरोज नावाचा. एडनच्या पलटणीला मटण लागायचं आणि मेंढ्या आमच्याकडे होत्या. त्याच्या टाचांना फोड आले होते, नाक उन्हानं सोललं होतं. बरोबर समतर नावाचा दुभाषी होता, आमच्यातलाच, एडनला राहून शहाणा झालेला. पेनरोज दूध प्याला आणि मग त्यानं एक कागद काढला. समतरनं तो प्रामाणिकपणे सांगितला. राणीसाहेब तुम्हा सर्वांना आपल्या रक्षणाखाली घेतात, असं त्यात होतं.

जमलेली म्हातारी मंडळी पोट धरून हसली. रोबले म्हणाला, "या बिचाऱ्याला स्वतःच्या टाचा सांभाळता येईनात, आणि हा आम्हाला सांभाळणार?"

"दादा, थट्टा नव्हे," समतर म्हणाला. "तुम्ही अंगठा दिलात की हे लोक ते खरं धरतात."

"धरू देत की! पाहुणा दोन मोठ्या गोष्टी बोलतो, त्याचं मन कशाला मोडायचं?"

आणि त्यानं अंगठा उठवला. चूक झाली ती इथे. ज्यानं दूध दिलं त्यानं सांभाळायचं आणि जो प्याला त्याला सांभाळलं जायचं, हे जगात उलटंही असू शकतं, असं आमच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. मीही तिथेच होते. मलाही ते हसणं गोडच वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात फ्रेंचांचं जहाज लागलं. त्यांनी दलोर नावाच्या कोवळ्या अधिकाऱ्याला चार शिपाई आणि एक निशाण देऊन विहिरीपाशी सोडलं नि जहाज निघून गेलं. दलोरकडेही तसाच कागद होता. त्यालाही दूध मिळालं, त्यालाही अंगठा मिळाला. मग तो तापानं आडवा झाला. दहाबोनं त्याला माझ्या झाकणातून घोट घोट दूध पाजून उठवला. आधी धुराच्या वासानं तोंड वाकडं करणारा तो पोरगा पुढे स्वतःहून मला शोधत यायचा.

मेंढ्या न्यायला आलेल्या समतरनं निशाण पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, हे काय करून बसलात?"

"एका घरी दोन पाहुणे असू नयेत का?"

"हे दोघं एका चटईवर बसायचे नाहीत."

"बसतील. आमचे हे बोलण्यात गुंगवतील त्यांना," दहाबो म्हणाली.

उन्हाळ्यात पेनरोज परत आला, एडनचे बंदूकवाले शिपाई घेऊन. विहिरीवरचं ते निशाण उतरवा, असा त्याचा निरोप होता. दलोरनं नकार दिला. पाणी भरायला आलेल्या बायका घागरी टाकून पळाल्या. विहिरीच्या अलीकडे एकाच्या बंदुका, पलीकडे दुसऱ्याच्या.

रोबलेला आता सुटका नव्हती. दोघंही त्याचेच होते. दहाबोनं त्याचा हात धरला. "तुम्ही कुणाच्या बाजूनं उभे राहणार?"

"कुणाच्याच नाही. मधे," तो म्हणाला. हात सोडवून घेतला आणि त्यानं ढाल उचलली.

तो विहिरीच्या काठावर गेला आणि ओरडला, "दोघंही माझ्या घरचं दूध प्यालात! समतर, सांग त्यांना. एकमेकांना मारायचं तर माझ्या मुलखाबाहेर जाऊन मारा!"

समतर सांगतच होता, तेवढ्यात गोळी सुटली. कुणाची, ते मला आजही ठाऊक नाही. रोबले कोसळला. दहाबो मला कडेवर घेऊनच धावली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या ओठांना दूध लावलं. ते आत गेलं नाही, हनुवटीवरून ओघळलं. मी आजवर किती तोंडांना लागले असेन, पण त्या तोंडाशी मी काही कामाची ठरले नाही.

त्यानंतर दुसरी गोळी सुटली नाही. दोघांनी बंदुका खाली घेतल्या, दोन्ही पाहुणे जिवंत परत गेले. रोबलेनं शब्द पाळला होता. विहिरीच्या पूर्वेला त्याला मूठमाती दिली, वर पांढरे दगड रचले.

मग म्हणे दूरच्या राजधान्यांत पत्रं गेली, पत्रं आली, मेजवान्या झाल्या. आम्हाला कुणी विचारलं नाही. एके दिवशी पेनरोज आणि दलोर बरोबरच आले, एका तंबूत जेवले, एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसले. मग त्यांच्या माणसांनी हद्दीचे दगड पुरले. विहिरीतून रेघ गेली. पूर्वेकडचं इंग्रजांचं, पश्चिमेकडचं फ्रेंचांचं, पाणी दोघांचं. दहाबोचं घर एका राज्यात राहिलं आणि नवऱ्याची कबर दुसऱ्यात.

दहाबो मला कडेवर घेऊन तंबूपाशी गेली. जमीन मागायला नाही, विहीरही मागायला नाही. "समतर, यांना म्हणावं, हद्दीच्या कागदात एवढंच लिहा, की तुमच्या दोघांमध्ये उभा राहून रोबले मेला."

समतरनं विचारलं. ते दोघं हळू आवाजात काही बोलले. मग समतर परतला, पण त्याला मान वर करवेना.

"वहिनी, त्या दिवशी इथे गोळीच सुटली नाही, असं दोन्ही सरकारांत ठरलंय. सुटली म्हटलं तर कुणी झाडली ते ठरवावं लागेल. मग मैत्री बिघडेल."

"मग तो कशानं मेला रे?"

समतर रडू लागला. दलोरला काय वाटलं देव जाणे. त्यानं पुढे होऊन दुधासाठी आपला कप माझ्यासमोर धरला. ओळख होती त्याची माझ्याशी.

आमच्याकडे दूध मातीत ओतणं हे महापाप. दहाबोनं माझं झाकण काढलं आणि त्या दोघांच्या बुटांसमोर मला पालथी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिचे हात हलले नाहीत.

"सांग यांना," ती म्हणाली, "रोबलेच्या घरी आता कुणी पाहुणा नाही."

त्याच दिवशी तिनं घर मोडून उंटावर लादलं आणि ती आत डोंगरात, भावाकडे गेली. तिनं मला पुन्हा कधी भरलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. आता तीही नाही. मी तिच्या भाचीच्या घरात काठीला टांगलेली असते. दुधाच्या ओलीवरच माझी वीण घट्ट राहते. ती ओल नाही, म्हणून मुळं सुकली, फटी पडल्या. आता दूध ओतलं तरी माझ्यात टिकणार नाही.

कधी नकाशा उघडलात तर आमच्या किनाऱ्यावरची ती रेघ तुम्हाला दिसेल. अगदी सरळ आहे, सुबक आहे. तिच्यावरून बोट फिरवताना विहिरीपाशी क्षणभर थांबा एवढंच मागणं आहे. तिथे एक माणूस मेला. कुठल्याही कागदात ते नाही. त्याचं नाव रोबले होतं.