तुटलेल्या पाट्याचा उतार

त्या उन्हाळ्यात मोंटानातल्या आमच्या डोंगरावरचा झरा आटला. म्हणून मी आणि बाबा पिकअपवर हजार लिटरची टाकी भरून पलीकडच्या कुरणात गाईंसाठी पाणी नेत होतो. गाडी मी चालवत होते. उतार लागला आणि पहिल्याच खड्ड्यात मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

"बाबा, मागच्या स्प्रिंगचे पाटे पार बसलेत. स्टीअरिंग हलकं लागतंय."

"लोर्ना, ही गाडी तुझ्या जन्माआधीपासून हे खड्डे खातेय. चल गुमान."

पुढच्या दणक्याला गाडीचं मागचं अंग दरीकडे घसरलं. हळूहळू ब्रेक दाबत मी गाडी डोंगराच्या बाजूला लावली आणि उतरून खाली वाकले. डावीकडचा मोठा पाटा तुटला होता आणि चाक मागे सरकून पत्र्याला घासत होतं.

ओझं उतरवायला मी टाकीचा नळ उघडला.

"अगं, गाई तहानलेल्या आहेत," बाबा म्हणाले.

"आपण दरीत गेलो तर त्यांना पाजणार कोण?"

टाकी रिकामी झाल्यावर बाबांनी चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये लाकडाचा ओंडका ठोकून साखळीने आवळला.

"बसा आत," मी म्हणाले.

"नको. मी चाकावर नजर ठेवून चालतो."

तीन मैल ते चालत आले आणि त्यांच्या पावलांच्या वेगाने मी गाडी उतरवली. संध्याकाळी शेजारच्या हेन्रिकसनच्या ट्रकने गाईंना पाणी पोचवलं.